मैदानावरची भाकरी

आमच्या घरच्या माणसाला गोल्फ शिकायचं होतं, हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग पदराआड नाहीतर मिशीआड हसतो. हसू द्या. जे झालं ते झालं, आणि त्यातलं निम्मं माझ्यामुळेच झालं.

आमचं घर वाटूरचं, पाटलाचं. गावात यांना भुजंगराव म्हणतात. मी नाव घेत नाही, 'हे' म्हणते आणि तेवढ्यावर आजपर्यंत भागलं आहे. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, पण मनात एखादी गोष्ट आली की ती काढायला कुणाच्या बापाची ताकद नव्हती. माझं नाव सगुणा. मीही काही कमी हट्टी नाही, असं हे म्हणतात.

आम्हाला एकच लेक, पुष्पा. ती जालन्याला दिली. जावई बद्रीनाथ निजाम सरकारच्या तामिरात खात्यात ओव्हरसियर, म्हणजे रस्ते आणि पूल बांधून घेणारे. त्यांचे आईवडील जाफराबादकडे शेतीवर, त्यामुळे जालन्याच्या सरकारी घरात ही दोघंच. माणूस मितभाषी, निर्व्यसनी, पुष्पीला कधी वाकडा शब्द नाही. जावयाबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती आमच्याच रीतीबद्दल. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो, रीत आपोआप सुटते, म्हणून ती कुणाला जड जात नाही. आमच्या पुष्पीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले होते, पण मूल पाचव्या महिन्यात गेलं. निरोप आला तसे आम्ही दोघं मिळेल त्या गाडीनं जालना गाठलं. पोरगी खाटेवर पांढरीफटक पडलेली, तरी आम्हाला बघून उठली आणि भिंतीला धरत धरत पाणी आणायला निघाली. यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. ती तिथंच थबकली, आमच्याकडे बघितलं आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. मी दिवसभर तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो आणि परतूर स्टेशनाच्या नळावर ओंजळीनं पाणी प्यायलो.

त्या दिवसाचा राग मला अजून येतो. घरी आल्यावर मी यांना म्हटलं, मोडा ही रीत, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. हे म्हणाले, "मी मोडीन गं. पण मोडली आन् पुढं तिला मूल झालंच न्हाई, तर ती म्हणंल आपल्यापायी बानं रीत मोडली, म्हणून देव कोपला. आयुष्यभर सोताला बोल लावत बसंल." रीत तशीच राहिली. आम्ही जालन्याला जायचो, तासभर बसायचो, कोरड्या तोंडानं परत यायचो. पुढं पुढं आमचं जाणंच कमी झालं, कारण आपल्या घरी येऊन आईबाप तहानलेले जातात हे पुष्पीला बघवत नव्हतं आणि तिचं तोंड आम्हाला बघवत नव्हतं.

तर अशा त्या दिवसांत दिवाळीला लेक-जावई आले. जेवताना बद्रीनाथ पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलले. जालन्याच्या छावणीत पूर्वी गोऱ्यांच्या पलटणी होत्या. त्या उठून गेल्या, मागं मैदान राहिलं. त्या मैदानावर आता हाफिसर लोकांनी गोल्फ सुरू केला होता. बद्रीनाथांच्या वरच्या साहेबाला त्याचं वेड, म्हणून जावईही शिकले. लांब काठीनं लहानसा चेंडू मारायचा आणि चालत चालत त्याच्या मागं जायचं, शेवटी तो एका भोकात पाडायचा. भोकाभोवती तेल कालवलेली वाळू पसरून चापून ठेवतात, म्हणजे चेंडू सरळ जातो. दर रविवारी सकाळी खेळ असतो आणि बायका लिंबाखाली सतरंज्या टाकून, डबे उघडून बसतात.

मी चुलीपाशी गेले तेव्हा पुष्पी माझ्यामागं आली आणि हळूच म्हणाली की तिलाही नेतात, पण तिथं प्रत्येकीची लेकरं असतात, ती एकटीच डबा घेऊन बसते आणि बहुतेक वेळा तसाच परत आणते. हे दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी बैलांना पेंड घालताना त्यांनी मला विचारलं, "सगुणा, मैदानाला उंबरठा असतो का?"

मी म्हटलं, नसतो.

"मंग ते पुष्पीचं घर न्हाई. तिथं तिच्या हातची भाकर खाल्ली तर कोण काय म्हणंल?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सहा वर्षं आम्ही रीत पाळायची की मोडायची एवढाच विचार केला होता, रीतीच्या कडेनं वाट असेल हे सुचलंच नव्हतं. हे लगेच उठून गावातल्या कारभारी आप्पांकडे गेले. रीतीभातीचं काही अडलं की गाव त्यांना विचारतं. आप्पांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं की जागा उघडी असावी आणि दाणा लेकीच्या घरचा नसावा, मग काही दोष नाही. त्याच आठवड्यात आमच्या ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, लसूण, मिरची, सगळं जालन्याला रवाना झालं. मीठसुद्धा पाठवलं. मी म्हटलं, पाणीही आपल्या विहिरीचं पाठवा, तर हे म्हणाले घागर बराबर नेऊ.

आता कुणी म्हणेल, उघडी जागा तर स्टेशनही आहे. पण ओव्हरसियर साहेबाचा सासरा फलाटावर बसून लेकीच्या हातची भाकरी खातो आहे, हे जावयाला कसं दिसलं असतं? मैदानावर सगळेच डबे उघडतात, तिथं कुणाचं लक्ष गेलं नसतं. अडचण वेगळीच होती. मैदानावर वाटेल त्याला येऊ देत नसत. खेळणारा किंवा शिकणारा, आणि त्याची बायको आणि लेकरं, बस. सासू-सासरे त्यात बसत नव्हते. म्हणून यांनी ठरवलं की आपण शिकायचं. शिकणारे आपण, बायको मी, आणि लेकरू पुष्पी.

जावयाला खरं कारण सांगितलं नाही. नुसतं विचारलं की वय झालेला माणूस शिकू शकतो का. बद्रीनाथांनी चकित होऊन हो म्हटलं आणि साहेबांना विचारून जालन्याहून निरोप पाठवला: शिकवणी वर्षातून एकदाच, थंडीत सुरू होते. पण गेल्या साली एक वयस्क वकील चेंडू मारता मारता चक्कर येऊन पडले, तेव्हापासून पंचेचाळीशीच्या पुढच्या माणसाची शिकवणीआधी अंगाची तपासणी होते. डॉक्टर वामनराव स्वतः तपासतात. त्यांनी हो म्हटलं तरच काठी हातात मिळते.

तपासणी म्हटल्यावर आमच्या माणसाच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट आली. वाटूरच्या मारुतीपुढं एक काळा गुळगुळीत गोटा आहे. अंगात किती पाणी आहे हे बघायचं तर आमच्याकडे तो उचलतात. गुडघ्यापर्यंत आला तर पोर, कमरेपर्यंत आला तर गडी, खांद्यावर गेला तर पैलवान. आमचं लग्न ठरलं त्या साली यांनी तो खांद्यावर घेतला होता. ते मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच उचलला होता असं वाटायला लागलं आहे. जालन्याच्या डॉक्टरपुढं फजिती नको, आधी इथंच बघून घेऊ, असं म्हणून हे एका सकाळी देवळापुढं गेले. गोटा गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला. त्यापुढं गोटा खाली गेला आणि हेही खाली गेले.

दोघा गड्यांनी यांना दोन्ही बाजूंनी धरून आणलं. चेहरा आंबट झालेला. मी वाळू तापवून पुरचुंडीनं शेकलं, एरंडाच्या पानाला तेल लावून ते कमरेवर बांधलं, वरून माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी आवळली. हात चालू होते तसं तोंडही चालू होतं. मी विचारलं, गोल्फात दगड उचलायचा असतो असं कोण म्हणालं? हे पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "कोणी न्हाई म्हणलं. पण तपासणी हाये म्हणल्यावर काय तरी उचलाया लावतेलच ना." मला रागही आला आणि हसूही आलं, आणि पाठीला हात लावला की हे दचकायचे ते बघून डोळ्यांत पाणीही आलं. या माणसाला गोल्फ म्हणजे काय हे धड ठाऊक नव्हतं. त्याला लेकीच्या हातची भाकरी पाहिजे होती.

मी म्हटलं निरोप पाठवू, पुढच्या साली बघू. हे म्हणाले, "पुष्पी वाट बघून राह्यली. पुढचा साल कोणी बघितला?" पुष्पीला मात्र यांनी खरं कारण कळवलं होतं. आमच्या धान्याबरोबर जो गडी गेला त्याच्याजवळ निरोप दिला होता. कमरेचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. ती शिकवणीच्या पहिल्या रविवारची भाकरी मनात थापायला लागली होती. आता तिला नाही म्हणून कसं सांगायचं?

शेवटी शनिवारी बैलगाडीत गवत जाड अंथरून आम्ही परतूरला गेलो, तिथून आगगाडीनं जालन्याला. लेकीच्या घरी मुक्काम करता येत नव्हता, म्हणून धर्मशाळेत उतरलो आणि बरोबर आणलेली विहिरीची घागर आणि वांगी टांगेवाल्याबरोबर तिच्याकडे पाठवली. सकाळी मी यांच्या कमरेवर नवीन पान बांधलं, वर बंडी, वर कोट, वर उपरणं. आरशात बघून हे म्हणाले, काही दिसत नाही. चालताना मात्र दिसत होतं.

मैदान मोठं होतं. गवत वाळून पिवळं पडलेलं, मधे मधे तेलकट वाळूचे काळे गोल. कडेच्या लिंबाखाली सतरंज्यांवर बायका, पोरांचा गलका. एक बाई तर मैदानात काठी घेऊन खेळत होत्या. नऊवारी नेसलेल्या, पदर कमरेला खोचलेला, आणि चेंडू असा मारला की आमचा टांगेवाला घोडा विसरून बघत राहिला. त्या डॉक्टरांच्या पत्नी रमाबाई, असं बद्रीनाथांनी सांगितलं. शिकवणारे उस्ताद मच्छिंद्र. त्यांनी लहानपणी हैदराबादजवळ बोलारमच्या छावणीत गोऱ्या साहेबांचे चेंडू वेचले होते आणि वेचता वेचताच खेळ उचलला होता.

पुष्पी एका सतरंजीवर बसली होती. मांडीशी फडक्यात बांधलेला पितळी डबा. आम्हाला बघून ती उठली, पण पुढं आली नाही. आधी तपासणी, मग मैदान, हे तिलाही माहीत होतं. दिवाळीपेक्षा वाळलेली दिसली. डब्याच्या गाठीवरचा हात तिनं एकदाही काढला नाही.

डॉक्टर वामनराव बारीक अंगाचे, चष्म्यातून नीट बघणारे. त्यांनी यांना खुर्चीवर बसवलं, नाडी धरली, छातीला नळी लावली, दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला. म्हणाले, काळीज उत्तम आहे. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही गोटाच खांद्यावर गेला. मग डॉक्टर म्हणाले, उभे राहा आणि गुडघे न वाकवता हात पायांच्या बोटांकडे न्या. हे गुडघ्यापर्यंत गेले. कपाळावर घाम आला. अजून थोडं, असं डॉक्टर म्हणाले, आणि यांनी अजून थोडं केलं. तशी कमर आखडली, मच्छिंद्र उस्ताद पुढं धावले आणि त्यांनी खांदे धरले. डॉक्टरांनी यांच्या कमरेवर हात ठेवला, थांबले, कोट वर केला आणि माझ्या लुगड्याची पट्टी आणि तिच्यातून डोकावणारं एरंडाचं पान सगळ्या मैदानासमोर आलं.

डॉक्टरांनी काय झालं ते विचारलं. यांनी खाली बघत गोट्याचं सांगितलं. मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं की या खेळात अंगाला पीळ देऊन मारायचं असतं, सगळा भार कमरेवर येतो, आणि या कमरेनं यंदा काठी धरली तर पुढं नांगरसुद्धा धरता येणार नाही. तपासणी यासाठीच असते, कुणाचा पाणउतारा करायला नसते. यंदा नाही.

"डॉक्टरसाहेब," हे म्हणाले, "मी मारणार न्हाई. निस्ती काठी धरून हुभा राहीन." एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांनी मान हलवली. बद्रीनाथ गोंधळून बघत होते. सासऱ्याला गोल्फचं एवढं काय पडलंय, हे त्या बिचाऱ्याला कळायचं कसं? आणि तिकडं लिंबाखाली पुष्पी पुन्हा खाली बसली. डबा तिनं मांडीशी ओढून घेतला आणि तोंड आमच्याकडून फिरवलं. खाटेवरून भिंतीकडे फिरवलं होतं, तसंच.

मला ते सहन झालं नाही. लाज, भीड, पाटलीणपण, काही आठवलं नाही. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिले.

"माझी तपासणी घ्या," मी म्हणाले. "मला शिकायचंय."

डॉक्टर चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले. यांनी मागून हळूच सगुणा, सगुणा म्हटलं, मी ऐकलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, बाई, तुम्हाला हा खेळ कशासाठी शिकायचा आहे?

मग मी सांगितलं. "खेळासाठी न्हाई, साहेब. माझ्या लेकीला मूल न्हाई, म्हणून तिच्या घरी मला पाणीबी पिता येत न्हाई. सहा सालं झाली. या मैदानाला उंबरठा न्हाई, हितं मला तिच्या हातचं खाता येतं. पण शिकल्याबगैर हितं बसू देत न्हाईत. तर मी शिकते."

बद्रीनाथांची मान खाली गेली. ते पाच पावलं चालत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मामी, शिकायचंय ते यासाठी, हे मला कोणीच कसं सांगितलं न्हाई?" मी म्हटलं, जावयाला असलं काय सांगायचं असतं. त्यांनी मान फिरवून पुष्पीकडे बघितलं, आणि तिच्या मांडीशी असलेला तो डबा त्यांना बहुतेक तेव्हा पहिल्यांदा दिसला.

रमाबाई काठी टाकून आल्या. डॉक्टर परपुरुष, म्हणून माझी नाडी रमाबाईंनी धरली आणि डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. माझं वय विचारलं. ते कुणी कधी मांडून ठेवलेलं नाही, तेव्हा पंचेचाळीशीच्या पुढं धरायचं ठरलं. मग पायांची बोटं धरायची होती. मी धरली. जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या बाईला ती लांब नसतात. खाली बसून हात न टेकता उठायचं होतं. चुलीपाशी ते मी किती वेळा करते याला हिशेब नाही. एका पायावर उभं राहायला सांगितलं तेव्हा मात्र मी लाजेनं डळमळले आणि पडता पडता रमाबाईंना धरलं. उस्तादांनी तोंड फिरवून हसू गिळलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा. मी शेतात पायातला काटा काढायला उभी राहते तशी उभी राहिले, आणि मग ते मोजायचं थांबेपर्यंत उभीच होते.

शेवटची तपासणी कमरेच्या पिळाची होती. डॉक्टर म्हणाले, पाय रोवून उभ्या राहा, पाय बिलकुल हलवायचे नाहीत, आणि कमरेतून वळून मागं जितकं दिसेल तितकं बघा.

मी वळले. आधी हे दिसले, खुर्चीच्या पाठीला धरून उभे, डोळे भरलेले. आणखी वळले तेव्हा बद्रीनाथ. आणखी वळायला कमरेत रग लागली, तरी वळले, कारण लिंब अगदी मागं होता. लिंबाखाली पुष्पी उभी होती. दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती, आणि हसता हसता रडत होती. तिची ती नऊवारीतली आई गोऱ्यांच्या मैदानात कणीस पिरगाळावं तशी स्वतःला पिरगाळून उभी आहे, हे बघून कुणालाही हसू आलं असतं. पण माझी पोर किती दिवसांनी हसत होती, हे मला एकटीला माहीत होतं. मी तशीच बघत राहिले.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "बाई, आता सरळ व्हा." मग उस्तादांकडे वळून त्यांनी सांगितलं की या शिकतील, उत्तम शिकतील.

उस्ताद डोकं खाजवत म्हणाले, "साब, शिकणाऱ्याची बायको आन् लेकरं बसतात. लेक बसंल. पण शिकणारीचा नवरा कायद्यात न्हाई."

"मग आजपासून कायद्यात धर," डॉक्टर म्हणाले. "मीही इथं कुणाचा तरी नवराच आहे." रमाबाई हसल्या आणि आपली काठी उचलून पुन्हा खेळायला गेल्या.

उस्तादांनी मला म्हटलं, आज काठी धरायची नाही, आज नुसतं बसा, पुढच्या रविवारपासून शिकवणी. मला तेच पाहिजे होतं. बद्रीनाथांनी यांना दंडाला धरून हळूहळू लिंबाखाली आणलं, सतरंजीवर खोडाला टेकवून बसवलं, स्वतःचा कोट घडी करून कमरेमागं ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसले. पुष्पीनं फडक्याची गाठ सोडली. आमच्याच ज्वारीच्या भाकरी, आमच्याच तुरीचं वरण, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी. यांच्या हातावर तिनं पहिली भाकरी ठेवली. हे घास मोडायचं विसरून नुसते भाकरीकडे बघत होते. शेवटी मीच म्हटलं, खा आता, नाहीतर डॉक्टर पुन्हा तपासायला येतील.

हे जेवायला लागले. मग मी घास घेतला, भरताला लावला आणि तोंडात घातला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझी लेक कशी रांधते हे मला माहीतच नव्हतं. चौदाव्या वर्षी तिला सासरी पाठवली, तेव्हा तिला धड चूल फुंकता येत नव्हती. माहेरी आलेल्या लेकीला आम्ही कधी चुलीपाशी बसू दिलं नाही. ती तिच्या घरात सहा वर्षं रोज भाकरी थापत होती, भाजी फोडणीला टाकत होती, कधी करपवत असेल, कधी खारट करत असेल, आणि त्यातलं काहीच माझ्या जिभेला कधी लागलं नव्हतं. ती एक आख्खी बाई झाली होती आणि मला तिची चव ठाऊक नव्हती.

ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. चांगलं झालंय असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच, आईच्या तोंडून पडतं ते. "पुष्पे, वांगं भाजताना टोचून घेतलं न्हाईस का? आत कच्चं राह्यलंय. आन् एवढी मिरची कोणी घालतं का?"

बद्रीनाथांनी घाबरून तिच्याकडे बघितलं. हे म्हणाले, अगं, पहिल्याच घासाला काय बोलून राह्यली. पण पुष्पीच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते मी बघितलं. ती माझ्या अगदी जवळ सरकली, गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि वरणाची वाटी माझ्यापुढं ढकलली.

"आन् हे, माय?" ती म्हणाली. "याच्यात काय चुकलं, ते बी सांग ना."

मी वरण चाखलं. वरणात काहीच चुकलं नव्हतं. तरी मी तिला बराच वेळ सांगत बसले.